मोठ्या बोअरची रिव्हॉल्व्हरे : आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी का?

प्रश्नकर्ता : चाकणकर_लेथवाला

नमस्कार. माझ्याकडे शस्त्राचा परवाना नाही आणि तो काढण्याचा विचारही नाही. मात्र राहायला कोथरूडला आणि नोकरीला चाकणला असलेला मी यंत्रकामातला माणूस असल्यामुळे, रिव्हॉल्व्हर या यंत्राबद्दल आणि त्यातही मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीचे भोक रुंद असलेल्या, रिव्हॉल्व्हरांबद्दल मला बऱ्याच वर्षांपासून कुतूहल आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने नुकताच निरनिराळ्या काडतुसांच्या ऊर्जेचा एक तक्ता पाठवला आणि त्या तक्त्याने माझ्या समजुतीचा पार गोंधळ उडवला.

ज्या .४५५ वेब्लीचा दबदबा आपण ब्रिटिश अमदानीच्या कथांतून ऐकत आलो, तिच्या गोळीची ऊर्जा त्या तक्त्यात तीनशे ज्यूलच्याही आत दिसते. तिच्यापेक्षा व्यासाने लहान असलेल्या .४४ मॅग्नमची ऊर्जा हजार ते तेराशे ज्यूल, आणि .५०० मॅग्नमची तर साडेतीन हजारांच्या घरात, म्हणजे एके-४७ च्या गोळीपेक्षाही पुष्कळ जास्त. व्यासातला फरक काही हजारांश इंचांचा आणि ऊर्जेतला फरक मात्र चौपट, दहापट, हे कसे?

त्याच ओघात आणखी तीन शंका विचारतो. .४४ मॅग्नमची गोळी मोजली तर ती .४४ इंच भरत नाही, असे का? सर्वांत दांडग्या रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या भागात, सहाऐवजी पाचच कप्पे का असतात? आणि पुण्यात राहणाऱ्या माणसाला यांपैकी काही कायदेशीर मार्गाने हाताळायला मिळते का?

उत्तर : खडकी_निवृत्त

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यासात नाही, दाबात आहे. नोकरीची सगळी वर्षे मी दारूगोळ्याच्या तपासणीत घालवली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

काळी दारू हे बऱ्यापैकी दुबळे इंधन आहे. ती ठासून भरली तरी तिच्यापासून मिळणाऱ्या वायूचा दाब एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता धूर आणि काजळी होऊन नळीत बसतो. अशा दारूवर जास्त ताकद हवी असेल तर कारागिराच्या हातात दोनच उपाय उरतात : भोक मोठे करायचे आणि गोळी जड करायची. १८४७ सालचे कोल्ट वॉकर पाहा. प्रत्येक कप्प्यात जवळजवळ ६० ग्रेन, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास दारू, आणि शस्त्राचे वजन दोन किलो. तेव्हाच्या पोलादाचा भरवसा नसल्यामुळे त्यांतली काही सिलिंडरे फुटलीही. पुढे १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने जे कोल्ट स्वीकारले, त्याच्या .४५ काडतुसात मूळ भरणा ४० ग्रेनचा होता. मोठा बोअर ही त्या काळाची हौस नव्हती, ती अडचणीतून काढलेली वाट होती.

धूरविरहित दारू आल्यावर हे गणित बदलले. .४५५ वेब्लीचे काडतूस १८९१ मध्ये काळ्या दारूवर सुरू झाले. लवकरच त्यात कॉर्डाइट हे धूरविरहित इंधन आले, त्याला जागा फारच कमी लागते असे दिसून आले, आणि १८९७ च्या मार्क २ काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू ठेवणारे धातूचे कवच, चक्क आखूड करण्यात आली. म्हणजे नव्या दारूचा उपयोग त्यांनी ताकद वाढवण्यासाठी केला नाही, काडतूस आटोपशीर करण्यासाठी केला. दाब जुनाच ठेवला, कारण रिव्हॉल्व्हर जुन्याच दाबासाठी घडवलेले होते.

आता दाबाचे आकडे पाहा, म्हणजे आपला तक्ता आपोआप उलगडेल. अमेरिकी मानकानुसार .४५ कोल्टला कमाल दाब १४,००० पौंड प्रति चौरस इंच मान्य आहे. .४४ मॅग्नमला तो ३६,००० आहे. .४५४ कसूल या काडतुसाला ६५,०००, म्हणजे शिकारी रायफलींच्या पातळीचा दाब मान्य आहे. .४५ कोल्ट आणि .४५४ कसूल यांच्या गोळीचा व्यास एकच आहे. .४५४ च्या सिलिंडरमध्ये .४५ कोल्टचे काडतूस खुशाल बसते आणि चालते. उलट मात्र बसत नाही, कारण .४५४ ची पुंगळी मुद्दाम लांब ठेवली आहे. हीच युक्ती १९३५ मध्ये .३५७ मॅग्नमच्या वेळी आणि १९५५ मध्ये .४४ मॅग्नमच्या वेळी वापरली गेली. .४४ स्पेशलपेक्षा .४४ मॅग्नमची पुंगळी एक अष्टमांश इंचाने लांब आहे. ती लांबी जास्त दारू मावावी म्हणून दिलेली आहे असे अनेकांना वाटते. परंतु नव्या दाबाचे काडतूस जुन्या, पातळ भिंतींच्या रिव्हॉल्व्हरात शिरू नये, हा तिचा खरा उद्देश आहे. तपासणी खात्यातल्या माणसाला या युक्तीचे जेवढे कौतुक वाटते तेवढे बहुधा कोणालाच वाटत नसेल.

एक गोष्ट मात्र .४५५ च्या बाजूने सांगितली पाहिजे. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) नुसत्या वेगावर. वेब्लीची गोळी सतरा ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला साधारण १८० मीटर. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साडेसात ग्रॅमची आणि वेग ३६० मीटरच्या आसपास. ऊर्जा काढली तर नऊ मिलिमीटर सहज पुढे जाते. संवेग काढला तर वेब्ली तिच्या थोडी पुढेच राहते. लोखंडी पाटीवर नेम धरणाऱ्यांना ही जुनी संथ काडतुसे का आवडतात, ते यावरून समजावे : जड गोळीने पाटी हमखास पडते.

उत्तर : जुने_पितळ

वरचे विवेचन उत्तम आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण जुन्या काडतुसांचा इतिहास हा माझा छंद आहे.

.४४ मॅग्नमच्या गोळीचा व्यास .४२९ इंच आहे. याचे मूळ टाचेच्या गोळीत सापडते. सुरुवातीच्या धातूच्या काडतुसांत गोळी आणि पुंगळी यांचा बाहेरचा व्यास एकच असे. गोळीचा मागचा भाग तेवढा बारीक करून पुंगळीत बसवलेला असे. त्यामुळे गोळीवरची चरबी उघडी राही आणि तिला खिशातला कचरा, धूळ, वाळू चिकटत असे. १८७० च्या सुमारास स्मिथ अँड वेसनला रशियन सरकारची मोठी मागणी आली, तेव्हा रशियनांनी हा प्रकार नाकारला आणि चरबीसकट गोळी पुंगळीच्या आत बसली पाहिजे अशी अट घातली. आत बसायची म्हणजे पुंगळीच्या जाडीइतकी ती बारीक होणारच. व्यास .४२९ वर आला आणि नाव मात्र .४४ च राहिले. त्या .४४ रशियनची पुंगळी लांबवून १९०७ मध्ये .४४ स्पेशल झाले आणि .४४ स्पेशलची लांबवून .४४ मॅग्नम. .३८ स्पेशलची गोळी .३५७ इंचांची असते, तिचीही कहाणी हीच आहे.

या घराण्याला मॅग्नमपर्यंत नेण्याचे श्रेय एल्मर कीथ या अमेरिकी लेखक-शिकाऱ्याला जाते. त्याने आधी .४५ कोल्टमध्ये वाजवीपेक्षा जास्त भरणा करून पाहिला आणि एक रिव्हॉल्व्हर हातातच फुटले, तेव्हा तो .४४ स्पेशलकडे वळला. त्याच बाहेरच्या मापाच्या सिलिंडरमध्ये .४४ चे भोक लहान पडते, म्हणून भिंत जाड राहते, हा त्याचा हिशोब होता. यंत्रकामातल्या माणसाला यापेक्षा अधिक स्पष्टीकरण लागू नये.

आता थोडे आपल्या देशाविषयी. मोठ्या बोअरच्या हातशस्त्रांचा भारताशी फार जुना संबंध आहे. हत्तीच्या हौद्यात बसून वाघाची शिकार करणारे साहेब लोक जवळ दोन नळ्यांचे आखूड पिस्तूल ठेवत. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढलाच तर रायफल फिरवायला जागा नसे, म्हणून हा शेवटचा उपाय असे. या प्रकाराला हौदा पिस्तूल असेच नाव पडले. त्यांतली काही .५७७ बोअरची, म्हणजे तेव्हाच्या लष्करी रायफलीच्या मापाची होती. लँकेस्टरची चार नळ्यांची पिस्तुलेही याच पंथातली.

वेब्लीच्या काडतुसाचाही एक वसाहती अध्याय आहे. १८९८ मध्ये मार्क ३ नावाचे काडतूस निघाले, त्याच्या गोळीचे तोंड पेल्यासारखे पोकळ होते. कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्याच्या रायफलीच्या मऊ टोकाच्या गोळ्यांवरून युरोपात गदारोळ चालू होताच. १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या आणि मार्क ३ सैन्यातून मागे घ्यावे लागले.

निकामी करून ठेवलेले एक वेब्ली मार्क ६ मला एकदा निवांतपणे हाताळायला मिळाले. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबून नळी खाली मोडली की सिलिंडरच्या मधली चांदणी वर उचलली जाते, सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात, आणि नळी पुरती उघडताच ती चांदणी टक्कन आपल्या जागी परत बसते. घोड्यावर बसलेल्या स्वाराला एवढ्या लवकर रिकामे करता येणारे दुसरे रिव्हॉल्व्हर तेव्हा क्वचितच असेल. परंतु सगळा मार त्या बिजागरीवर आणि वरच्या खटक्यावर येतो, म्हणूनच मॅग्नमच्या दाबाला ही रचना उपयोगाची नाही. तिथे एकसंध चौकटच लागते आणि सिलिंडर बाजूला झुलवून बाहेर काढावे लागते.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर .५०० मॅग्नम हे काडतूस म्हणजे आकड्यांच्या चढाओढीचे अपत्य आहे. २००३ मध्ये ते आले, २००५ मध्ये .४६० आले, आणि प्रत्येक वेळी ‘जगातील सर्वांत’ ही शब्दयोजना जाहिरातीत होतीच. .४५ कोल्टसारखी दीडशे वर्षे टिकलेली शालीनता त्यात मला दिसत नाही.

उत्तर : बालेवाडी_लेन

जुने_पितळ यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. अलास्कासारख्या ठिकाणी अस्वलांच्या प्रदेशात मासेमारी करणारा माणूस रायफल पाठीला लावून हातात गळ धरू शकत नाही. त्याच्या कमरेला .४५४ किंवा .५०० असण्यामागे जाहिरात नसून गरज आहे. हौद्यातल्या साहेबाची गरज आपण मान्य केलीत, मग या मासेमाराची का नको?

पाच कप्प्यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. भिंत जाड राहावी हे पहिले कारण आहेच. दुसरे कारण मात्र अधिक गमतीचे आहे. गोळी सुटताना सिलिंडर हलू नये म्हणून खालून एक छोटा अटकाव वर येतो आणि सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावरील खाचेत बसतो. नळी वरच्या कप्प्यासमोर असते, अटकाव तळाशी. कप्पे सहा असतील तर वरच्या कप्प्याच्या बरोबर समोर तळाशीही कप्पाच येतो, म्हणजे खाच कप्प्याच्या भिंतीवरच, तीही सगळ्यांत पातळ जागी कोरावी लागते. कप्पे पाच असतील तर तळाशी दोन कप्प्यांमधला भरीव भाग येतो आणि खाच तिथे पडते. विषम संख्येचा हा फायदा आहे. तो न घेताही काम होऊ शकते : रूगरने सुपर रेडहॉकमध्ये .४५४ कसूलसाठी सहा कप्पे ठेवले, मात्र त्यासाठी सिलिंडरला वेगळ्या, अधिक बळकट मिश्रपोलादाची मदत घ्यावी लागली.

परदेशातील एका रेंजवर मी .४४ आणि .५०० ही दोन्ही चालवली आहेत. .४४ चा धक्का जोरदार असतो पण समजण्यासारखा असतो. मूठ तळहातात वर सरकते आणि नळी आकाशाकडे जाते. .५०० चे शस्त्र दोन किलोंचे असूनही त्याचा धक्का दोन्ही मनगटांतून कोपरांपर्यंत जातो आणि त्याहून जास्त त्रास तोंडावर येणाऱ्या हवेच्या थपडेचा होतो. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्या वेळी सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरले. कारण असे की धक्क्याने शस्त्र मागे उसळले की नवख्याचे बोट आवळले जाऊन दुसरा बार नकळत होऊ शकतो, आणि तेव्हा नळी कुठे असेल ते सांगता येत नाही. दुसरी सक्त ताकीद अंगठ्याची होती. सिलिंडर आणि नळी यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट असते आणि तिच्यातून बाजूला निघणारा वायू या दाबाला बोट कापू शकतो. पिस्तुलाच्या सवयीने डावा अंगठा पुढे ठेवणाऱ्यांना तो मुद्दाम मागे घ्यायला लावतात.

आणखी एक गोष्ट तिथेच पाहायला मिळाली. धक्क्याने शस्त्र झटक्यात मागे जाते, पण न सुटलेल्या काडतुसांतल्या जड गोळ्या जडत्वाने जागीच राहू पाहतात आणि पुंगळीतून किंचित पुढे सरकतात. पुंगळीचे तोंड गोळीवर पक्के आवळलेले नसेल तर चौथ्या-पाचव्या बाराला गोळीचे टोक सिलिंडरच्या बाहेर डोकावते, चौकटीला अडते आणि सिलिंडर फिरतच नाही. माझ्या शेजारच्या लेनवर हेच झाले. वरून पाहिले तर शेवटच्या कप्प्यातून शिशाचा करडा कंगोरा केसभर बाहेर आलेला स्पष्ट दिसत होता.

पुण्यापुरते सांगायचे तर बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आपल्याला मोठा बोअर दिसणार नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांत २५ मीटर सेंटर-फायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध आघात होणाऱ्या) प्रकाराला ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढीच मुभा आहे आणि प्रत्यक्षात सगळे .३२ वापरतात. .४४ ला तिथे प्रवेशच नाही.

प्रश्नकर्ता : चाकणकर_लेथवाला

तिघांचेही मनःपूर्वक आभार. अटकावाच्या खाचेचा मुद्दा वाचून मी लगेच कागदावर पाच आणि सहा कप्प्यांची आकृती काढून पाहिली. तो तंतोतंत पटला. आता एकच उपप्रश्न विचारतो. एवढा दाब सांभाळायचा तर स्वयंचलित पिस्तूल का नाही? आणि कायद्याचा भाग कोणी स्पष्ट करील का?

उत्तर : खडकी_निवृत्त

पिस्तुलात काडतुसांचा साठा मुठीतच असतो, त्यामुळे काडतूस लांब झाले की मूठ पुढून मागे लांब होते आणि हात तिला पुरत नाही. .५०० च्या लांबीचे काडतूस मुठीत घालणे म्हणजे वीट धरण्याचा प्रकार होईल. शिवाय पिस्तुलाला आपले यंत्र चालवण्यासाठी काडतुसाची ताकद एका ठरावीक पट्ट्यात असावी लागते. कमी पडली तर ते अडते, जास्त झाली तर त्याची मोडतोड होते. रिव्हॉल्व्हरला बोटाची ताकद पुरते. त्याच सिलिंडरमध्ये एक काडतूस .४४ स्पेशलचे आणि पुढचे .४४ मॅग्नमचे असले तरी ते तक्रार करीत नाही. डेझर्ट ईगलने .४४ मॅग्नम पिस्तुलात बसवून दाखवले हे खरे, पण त्यासाठी रायफलीसारखी वायूवर चालणारी रचना आणि दोन किलोंच्या आसपासचे वजन पत्करावे लागले.

उत्तर : जुने_पितळ

कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत .३८० आणि .४५५ ची कडा असलेली काडतुसे घेणारी रिव्हॉल्व्हरे आणि पिस्तुले निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला परवाना न मिळणाऱ्या शस्त्रांत, मोडतात. ती सैन्याची काडतुसे होती, हे त्याचे कारण. यातला .३८० म्हणजे, पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी शिकवायला सोपे आणि वजनाला हलके म्हणून .४५५ च्या जागी निवडलेले काडतूस. त्यासाठीचे एनफील्ड रिव्हॉल्व्हर १९३२ मध्ये आले. त्यामुळे आजोबांच्या काळातील वेब्ली एखाद्या घरात निघालेच तर ते वारशाने आपोआप आपले होत नाही. पोलिसांना कळवणे हाच मार्ग आहे. जिवंत काडतुसाचेही तसेच. शोभेची वस्तू म्हणून ते कपाटात ठेवता येत नाही, आणि प्रवासाच्या पिशवीत विसरलेले एक काडतूस लोहगावच्या विमानतळावर माणसाला गोत्यात आणू शकते.

.४४ मॅग्नमचे नाव त्या यादीत नाही, परंतु ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून नामांकित नेमबाजांच्या सवलतीखेरीज नवी परदेशी शस्त्रे येतच नाहीत. जी आहेत ती जुनी, परवानाधारकांकडून परवानाधारकांकडे फिरणारी, आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस छंद बदलतो. शहरात परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. व्यवहारात इथल्या परवानाधारकाच्या हाती येते ते कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर. त्याच्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे आपल्या तक्त्यात वेब्लीच्याही निम्मी.

उत्तर : बालेवाडी_लेन

त्या .३२ ला कमी लेखू नये, एवढेच पुस्तीदाखल. .३२ लाँगची सपाट तोंडाची गोळी कागदावर पंचने पाडल्यासारखे गोल, स्वच्छ छिद्र पाडते आणि २५ मीटरवर तिच्याइतकी शिस्तीत जाणारी गोळी मी मोठ्या बोअरमध्ये पाहिलेली नाही. चाकणकरांना प्रत्यक्ष अनुभव घ्यायचाच असेल तर मावसभावाकडे जाण्याच्या वेळी .४४ चे रिव्हॉल्व्हर आणि .४४ स्पेशलची काडतुसे मागावीत. चौकट तीच, वजन तेच, आणि दाब निम्म्याहूनही कमी. सुरुवात तिथून केली की मॅग्नमच्या पहिल्या बाराला डोळे मिटत नाहीत. कानांवर मात्र दुहेरी संरक्षण घ्यावे, आत बोळे आणि वर मफ.